अर्ज कुणी करायचा

माझ्या बायकोची भाची संगणक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत सांगोला तालुक्यातल्या गावात मराठी शाळा, मग पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षात पुण्याच्या कॉलेजात. नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहते, रविवारी आमच्याकडे कोथरूडला जेवायला येते. तिची ही मावशी सॉफ्टवेअरमध्ये अठरा-वीस वर्षं आहे आणि आपल्या टीमसाठी इंटर्न मुलांच्या मुलाखती घेते. उन्हाळ्यातल्या एका इंटर्नशिपच्या अर्जाची मुदत संपत आली होती आणि भाची तो भरायला तयार नव्हती. त्यावरून दोघींचं जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे. अशी मुलं मला फार दिसतात, आणि ‘घाबरू नकोस, भरून टाक’ एवढं सांगून त्यांचं भागत नाही.

भाची – मावशी, मला यातलं खरंच काही येत नाही. वर्गातली काही मुलं अकरावीपासून कोडिंग करतायत. त्यांच्या शेजारी बसून मी मान हलवत असते, एवढंच. मला इम्पोस्टर सिंड्रोम आहे हे मला कळतं. पण कळून ते जात नाही.

मावशी – नाव सापडलं की आपल्याला वाटतं दुखणं सापडलं. तुला भीती वाटतेय, बाळा. दुसऱ्या वर्षाला कुणाला नाही वाटत?

भाची – नुसती भीती नाही गं. मी वाचलंय ते. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर पहिल्यांदा लिहिलं. दीडशेहून जास्त बायकांबद्दल होतं ते. पीएचडी झालेल्या, आपापल्या क्षेत्रात मान मिळवलेल्या, अभ्यासात नावाजलेल्या बायका. आणि तरी त्यांना वाटायचं की आपण सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकलीय, आज ना उद्या उघड्या पडणार.

मावशी – मग तूच बघ ना. त्या बायकांनी काहीतरी मिळवलेलं होतं आणि ते त्यांना खरं वाटत नव्हतं. तू अजून दारापर्यंतही गेली नाहीस. जे मिळालंच नाही ते लबाडीने मिळवलं असं कसं म्हणता येईल? तुझं साधं आहे, तुला काही गोष्टी येत नाहीत. त्याला सिंड्रोम कशाला म्हणायचं? त्याला शिकायचं.

हा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. भाचीला वाटला नाही.

भाची – डिप्लोमाला मला नव्वद टक्के होते. प्रवेशाच्या पहिल्याच कॅप राउंडला हे कॉलेज लागलं. तू आईला फोनवर म्हणालीस, पोरीनं नाव काढलं. मला तेव्हा काय वाटत होतं सांगू? डिप्लोमाला मार्क सढळ देतात. थेट दुसऱ्या वर्षाला चुरस कमी असते. आपलं नशीब बरं. मला असं दुसरं कुणी म्हणालं नाही, मीच स्वतःला म्हणत होते. मिळवलेलं आहे की माझ्याकडे. फक्त ते माझं वाटत नाही.

क्लान्स आणि आइम्स यांनी टिपलेली गोष्ट हीच. त्यांच्याकडच्या काही विद्यार्थिनींना प्रवेश समितीच्या काहीतरी चुकीमुळेच आपल्याला प्रवेश मिळाला असं ठाम वाटत होतं. यश आलं की ते नशिबाच्या खात्यावर टाकायचं आणि अपयश आलं की स्वतःच्या, ही जमाखर्चाची रीत एकदा अंगवळणी पडली की टक्केवारीचा काही उपयोग होत नाही. सिंड्रोम म्हणत असले तरी वैद्यकाच्या अधिकृत रोगयादीत असा आजार नाही. पण म्हणून पोरीचं म्हणणं खोटं ठरत नाही. मावशीनेही तो मुद्दा सोडून दिला.

मावशी – बरं, ते तुझं खरं. पण मग सगळा दोष स्वतःच्या डोक्याला देऊन मोकळी होऊ नकोस.

भाची – तेच तर म्हणतेय मी. आमचे प्रवेश पूर्ण होईपर्यंत वर्ग सुरू झाले होते. पहिल्या वर्षाचं गणित आम्ही केलेलं नाही आणि समोर एकदम गणिताचा तिसरा पेपर, एम-थ्री. प्रेझेंटेशन इंग्रजीतून. लॅबमध्ये ग्रुप पाडताना ‘डिप्लोमावाले तिकडे बसा’ म्हणतात. वाईट हेतूने नाही, सवयीने. मोठ्या कंपन्या ठरावीक कॉलेजांत जातात, आमच्याकडे फिरकत नाहीत. मग आपण इथले नाही असं वाटलं तर त्यात माझ्या मनाचं काय चुकलं?

इथे मी पूर्णपणे भाचीच्या बाजूचा आहे. २०२१ साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हाच आक्षेप घेतला होता. बायकांना तुम्हाला इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगणं थांबवा, आणि त्यांना परकं वाटायला लावणाऱ्या जागा दुरुस्त करा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा रोख नोकरीच्या ठिकाणांवर होता, पण आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना तो जसाच्या तसा लागू पडतो. उशिरा आलेल्या मुलांसाठी पंधरा दिवस वेगळे तास घ्यायला, ‘डिप्लोमावाले’ हा गट मोडून सगळ्यांना मिसळून बसवायला काही खर्च येत नाही. आत्मविश्वासावर व्याख्यानं ठेवण्यापेक्षा हे आधी व्हायला हवं.

मावशी – मान्य. पण कॉलेज सुधारेपर्यंत मुदत थांबणार नाही. दाखव तुझा रिझ्युमे.

रिझ्युमे एका पानाचा होता. त्यात सगळ्यात वर ‘फुल स्टॅक ई-कॉमर्स वेबसाइट – रिॲक्ट, नोड, मोंगोडीबी’ असा प्रोजेक्ट होता. खाली मशीन लर्निंगचा एक, आणि एका ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट.

मावशी – तुझ्या दुकानात एक वस्तू शेवटची उरलीय. दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी ‘विकत घ्या’ दाबलं. काय होईल?

भाची – ...माहीत नाही.

मावशी – दोघांनाही शिल्लक एक दिसेल, दोघांचेही पैसे कापले जातील आणि वस्तू एकच. हे कसं टाळायचं ते तुला आत्ता आलंच पाहिजे असं नाही. पण असं होऊ शकतं हे तुझ्या मनातही आलं नाही, कारण तू ज्या व्हिडिओवरून हे केलंस त्यात ते नव्हतं. बरोबर?

भाची – व्हिडिओ बघून केलं, आणि अडलं तिथे चॅटजीपीटीला विचारलं. म्हणूनच तर! मुलाखतीत नेमकं हेच विचारतील ही भीती आहे मला.

मावशी – मग ही भीती खोटी नाही. ही ओळ खोटी आहे. तू दोन भीती एकाच पोत्यात भरल्यास. ‘मी डिप्लोमावाली, माझं इंग्रजी असं, मी तिथे शोभणार नाही’ ही एक. ती तुझ्यावर लादलेली आहे, तिचं ऐकू नकोस. आणि ‘मी लिहिलंय ते मला समजावून सांगता येणार नाही’ ही दुसरी. ती तुला खरं सांगतेय. तिचं ऐक आणि ती ओळ काढ.

भाची – काढली तर उरतं काय? सगळी मुलं लिहितात, मावशी. आमच्या वर्गात तीच वेबसाइट निम्म्या जणांची आहे. पैसे भरून इंटर्नशिपची सर्टिफिकेटं घेतात, काम काहीच नसतं. त्यांच्यापुढे माझी पाटी कोरी दिसेल.

मावशी – मला आठवड्यात असे पुष्कळ रिझ्युमे येतात. तीच वेबसाइट, तेच रंग. दहाव्या रिझ्युमेनंतर मी तो भाग वाचतसुद्धा नाही. आणि जी कंपनी इंटर्नकडून पैसे मागते ती तुला कामाला ठेवत नाहीये, सर्टिफिकेट विकतेय. तेही काढ.

हे मला महत्त्वाचं वाटतं. अभ्यासक्रमात इंटर्नशिप आहे, सगळ्यांना पुरतील इतक्या जागा नाहीत, आणि कागद तर जमा करायचाच आहे. मग कागदाचा बाजार उभा राहतो. त्या बाजारातून मुलं जे विकत आणतात ते त्यांच्या मनात राहतं. स्वतःला लबाड समजण्याचं एक खरंखुरं कारण आपण त्यांच्या हातात देतो, आणि मग त्यांना सांगतो की हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. वयाच्या विसाव्या वर्षी हे ओझं फार होतं. कुणाची यापायी झोपच उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर सरकारच्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ते करण्यात काही कमीपणा नाही.

भाची – पण चॅटजीपीटीचं काय करू? ते सगळेच वापरतात. तुमच्या ऑफिसातही वापरत असतील.

मावशी – वापरतो की.

भाची – मग तुमचं ते काम आणि माझी ती चोरी?

मावशी – चोरी कोण म्हणालं? आम्ही शिकत होतो तेव्हाही दुसऱ्यांचं कोड बघायचो. २००८ नंतर तर स्टॅक ओव्हरफ्लो होतंच. पण तिथून आणलेलं आपल्या कोडमध्ये सरळ बसायचं नाही. बसवायला म्हणून वाचावं लागायचं आणि वाचता वाचता समजायचं. आता ते बसवूनच मिळतं, म्हणून वाचायची वेळच येत नाही. तू एक कर. त्याच्याकडून घेतलेलं एखादं फंक्शन रात्री पुसून टाक. सकाळी नेट बंद करून पुन्हा लिही. जेवढं लिहिता आलं तेवढं तुझं. जे आलं नाही ते अजून तुझं झालेलं नाही, होईल.

२०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्यानंतर इंजिनिअरिंगला आलेल्या या मुलांच्या मनात आधीच्या पिढ्यांना नसलेली एक शंका आहे. हे मी केलं की त्याने? मावशीने सांगितलेली कसोटी कठोर आहे, पण तिचं उत्तर दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. एका रात्रीत आपलं आपल्याला समजतं. म्हणून ती मला दयाळूही वाटली.

मावशी – आता सांग, असं काय केलंयस जे कुणीतरी रोज वापरतं?

भाची – तसं काही नाही. पप्पांच्या डेअरीचं एक आहे, पण ते घरचं झालं.

मावशी – घरचं म्हणजे?

मग ते बाहेर आलं. तिचे वडील गावात दूध संकलन केंद्र चालवतात. चाळीसेक उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. मशीनवर दुधाची प्रत, म्हणजे फॅट आणि एसएनएफ, बघायची, दरपत्रकातून दर काढायचा, लिटरने गुणायचं, वहीत चढवायचं. दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल. मोठ्या केंद्रांवर यासाठी तयार सॉफ्टवेअर असतं, यांच्याकडे वही आणि कॅल्क्युलेटर होता, आणि दहाव्या दिवशी बेरजा करत रात्र जायची. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत हिने पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. नोंदी द्यायच्या, बिलं घ्यायची.

पहिल्या बिलातच घोळ झाला. वहीतली बेरीज आणि प्रोग्रामची बेरीज काही पैशांनी वेगळी. एका उत्पादकाने तेवढ्यावरून अर्धा तास वाद घातला. हिने शोधलं तेव्हा दोन कारणं निघाली. एक म्हणजे वडील प्रत्येक पावतीला पैसे राउंड करत होते आणि प्रोग्राम दहा दिवसांची बेरीज करून शेवटी एकदाच. दुसरं, संगणक ०.१सारखा आकडा द्विमान पद्धतीत अचूक साठवू शकत नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहीत, दशांशाच्या पार शेवटी एक ४ चिकटून येतो. मग हिने रुपये सोडून सगळा हिशोब पूर्ण पैशांत केला आणि राउंड करायची जागा वहीप्रमाणे पावतीवर आणली. पुढच्या वेळी दरपत्रक मधेच बदललं, तेव्हा प्रत्येक दराला ‘कधीपासून’ ही तारीख जोडली. वडील तो प्रोग्राम अजून वापरतात.

मावशी – आणि हे तू रिझ्युमेवर लिहिलं नाहीस.

भाची – त्यात काय लिहिण्यासारखं आहे? वेबसाइट नाही, डेटाबेस नाही. सीएसव्ही फाइल आहे साधी. दुधाचा हिशोब! मोठ्या कंपनीत हसतील.

मावशी – पैशाचा हिशोब अपूर्णांकात ठेवू नये, हे नोकरीला लागलेल्या मुलांना मी समजावून सांगितलंय. तुला ते एका उत्पादकाने शिकवलं. यात काय चुकलं, कसं सापडलं, काय बदललं, हे तू मला न अडखळता सांगितलंस. इंटर्नकडून मला याहून जास्त नको असतं. आम्ही काय बघतो असं वाटतं तुला? सगळं येणारं माणूस? ते इंटर्न म्हणून कशाला येईल? एरर आला की वाचतो का, अडलं की किती वेळाने विचारतो, दुरुस्ती सांगितली की रुसतो का, एवढंच बघायचं असतं. पहिला आठवडा तर मशीनवर प्रोजेक्ट चालू करण्यातच जातो, सगळ्यांचा.

भाची – हे तू बघतेस. पण माझा रिझ्युमे तुझ्यासारखीच्या हातात पडला तर ना. आधी सीजीपीएची चाळणी, मग कॉलेजचं नाव, मग डेटा स्ट्रक्चर्स-अल्गोरिदमची ऑनलाइन टेस्ट. दुधाचा हिशोब वाचायला कोण बसलंय?

मावशी – हे मात्र खरं आहे. म्हणून टेस्टची तयारी करावीच लागेल, त्यातून सुटका नाही. सरावाला लीटकोड साइटवरचा पहिला प्रश्न, टू सम, त्याच्यापासून सुरू कर. रोज एक, पण पुसून पुन्हा लिहायचा. आणि काही दारं अशीही आहेत जिथे कॉलेजपेक्षा काम बघतात. गूगल समर ऑफ कोड २००५पासून चालू आहे. तिथे ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये तू आधी काय काम केलंस आणि पुढे काय करणार हे विचारतात. गूगलचीच स्टेप नावाची इंटर्नशिप तर सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच असते. दुसऱ्या वर्षातल्या मुलांना बोलावणाऱ्याला ठाऊक असतं की दुसऱ्या वर्षापर्यंत किती शिकून होतं. आणि आमच्याकडे मी तुझं नाव देते. रेफरल.

भाची – नको.

मावशी – का?

भाची – तो वशिला झाला. आज निदान मला वाटतं की मी लबाड आहे. तुझ्या नावाने आत गेले तर ते खरंच होईल.

दोघींचा खरा वाद इथे होता. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

मावशी – रेफरलने रिझ्युमे कुणाच्या तरी समोर उघडतो, बस. टेस्ट तुलाच द्यायची, मुलाखत तुलाच द्यायची, आणि त्या खोलीत मी नसेन. नातं आहे हे मी फॉर्मवर लिहून देणार.

भाची – पण माझ्या रूमवरच्या मुलीला अशी मावशी नाही.

मावशी – नाही. आणि ज्यांच्या घरी अशा तीन-तीन मावश्या आहेत ती मुलं रेफरल घेताना एक क्षणही थांबत नाहीत. लाज वाटते ती फक्त तुझ्यासारख्यांना, ज्यांच्या घरातून या धंद्यात आत्ता कुठे एक माणूस पोचलंय. तू नाकारलंस म्हणून तुझ्या मैत्रिणीला ती जागा मिळणार नाही.

भाची – तिलाही दे मग रेफरल.

मावशी – मी तिला ओळखत नाही. तिचं काम बघितल्याशिवाय कसं देऊ?

भाची – मग बघ. पुढच्या रविवारी घेऊन येते. माझंही तसंच बघ, भाची म्हणून नको. आणि हा फॉर्म मी माझा मी भरते, तिथे तुझी ओळख नाही. तिथून काही उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडचा भरीन.

मावशी – उत्तर येणारच नाही असं धरून चाल. बहुतेक ठिकाणांहून नकारही येत नाही, नुसती शांतता. ती तुझ्याबद्दल काही सांगत नसते. तुझा अर्ज कुणी उघडलाच नाही, एवढाही तिचा अर्थ असू शकतो.

भाची – हे तुला म्हणायला सोपं आहे.

मावशी – सोपं नाही. पण तू नाही भरलास तर तुझ्या बाजूने नकार तूच देऊन टाकतेस, कुणी न विचारता.

भाची यावर पटलं म्हणाली नाही. रेफरलबद्दल मला विचाराल तर दोघींचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. ओळखीवर चालणारी भरती न्याय्य नाही, आणि ती बदलायचं ओझं विशीतल्या एका मुलीने स्वतःची संधी सोडून वाहावं हेही न्याय्य नाही. मैत्रिणीचं काम बघ, ही तिची अट मात्र मला मावशीच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोठी वाटली. बाकी मुलींनाही त्या दारातून आत घ्यायचा एक रस्ता तिने त्यात काढला होता.

मग वेबसाइट गेली, सर्टिफिकेट गेलं, मशीन लर्निंगमधल्या दोन ओळी राहिल्या. डेअरीचं वर आलं. पान अर्धं झालं. मावशीने ते तसंच ठेवायला सांगितलं.

मावशी – आता हे तुझ्या रिझ्युमेवर आहे, तर मी विचारणार. एकाचं दूध चुकून दुसऱ्याच्या कोड नंबरवर चढलं. चार दिवसांनी कळलं. मधल्या काळात दरपत्रक बदललंय. काय करशील? नोंद पुसशील?

भाची – पुसायची नाही. पप्पा वहीत कधी खोडत नाहीत, खोडलेलं दिसलं की लोक भांडतात. दोन नव्या नोंदी करायच्या. चुकीच्या कोडवर वजा, बरोबर कोडवर जमा, आणि शेजारी कारण.

मावशी – दर कुठला? आजचा?

भाची – नाही, दूध घातलं त्या दिवसाचा. नाहीतर एकाचे पैसे बुडतील. म्हणून तर नोंदीला दोन तारखा ठेवल्यात, दुधाची वेगळी आणि लिहिल्याची वेगळी.

मावशी – आणि त्या दहा दिवसांचं बिल वाटून झालेलं असेल तर?

भाची – तर पुढच्या बिलात ‘मागील फरक’ म्हणून ओळ यायला हवी. ते अजून केलेलं नाही मी. पण करायचं तर आधी बिल ‘बंद’ झालंय की नाही हे कुठेतरी ठेवावं लागेल, आणि बंद झालेल्या बिलात नवी नोंद शिरूच द्यायची नाही. थांब, कागद दे, काढून दाखवते.